मुद्देमाल झालेला साक्षीदार

वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात चाललेले संभाषण मोबाईलवर चित्रित केले, एवढ्यावरून एका नागरिकावर १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमान्वये गुन्हा दाखल झाला होता. परकीय हेरांस जरब बसावी म्हणून इंग्रजी अमदानीत घडविलेले हे शस्त्र शेजाऱ्याशी झालेल्या तंट्यापायी ठाण्याची पायरी चढलेल्या माणसावर उगारले जावे, हे अत्यंत उद्वेगजनक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली तो गुन्हा रद्दबातल केला आणि पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे ‘निषिद्ध स्थान’ ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

निर्वाळा मिळाला खरा; परंतु सामान्य माणसाला धास्ती असते ती शिक्षेच्याही आधी गुन्हा दाखल होण्याची. रस्त्यावर लाठी उगारलेल्या शिपायाचे छायाचित्र घेणे हा स्वतंत्र अपराध नसला, तरी सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलम लावायला कितीसा वेळ लागतो? मग तोच मोबाईल तडकलेल्या काचेच्या वर्णनासह पंचनाम्यात उतरतो, खाकी कागदात गुंडाळला जातो आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी व लाखेची मोहोर अंगावर घेऊन मुद्देमालाच्या कपाटात जाऊन पडतो. आरोपीच्या बाजूने बोलू शकणारा एकमेव साक्षीदार अशा रीतीने ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच कुलपाआड जातो, आणि न्यायाधीश कितीही निःस्पृह असला तरी समोर न आलेला पुरावा त्याला पाहता येत नाही.

प्रत्येक ठाण्यात ध्वनिमुद्रणासह कॅमेरे बसवावेत आणि चित्रण शक्यतो १८ महिने, निदान वर्षभर तरी जतन करावे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. दोन्ही तरतुदी स्वागतार्ह आहेत. मात्र दोन्ही ठिकाणी कॅमेरा सरकारचा आणि त्याची किल्लीही सरकारच्याच हाती.

पीडित स्त्रीची ओळख उघड करणारे, किंवा पडणाऱ्या छाप्याचा सुगावा देणारे चित्रण रोखलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु केवळ चित्रण केले म्हणून वरिष्ठांच्या लेखी संमतीवाचून कोणावरही अडथळ्याचा गुन्हा नोंदवू नये, आणि मोबाईल जप्त करावाच लागला तर त्यातील चित्रणाची प्रमाणित नक्कल, तिच्या हॅश मूल्याच्या, म्हणजे फेरफार ओळखू देणाऱ्या संगणकीय खुणेच्या, नोंदीसह, त्याच दिवशी पंचांसमक्ष मालकाच्या हाती द्यावी, असे परिपत्रक राज्याच्या गृहखात्याने विनाविलंब काढावे.