'अनाथ' कोणास म्हणावे?

लिनक्सवरील पॅकेज मॅनेजर हा एक प्रकारचा समीक्षक आहे, आणि त्याचा निकष सदोष आहे, असे आमचे मत आहे. डेबियन व उबुंटू या प्रणालींतील 'एपीटी' प्रत्येक पॅकेजची नोंद दोनपैकी एका खात्यात ठेवतो: वापरणाऱ्याने मागून घेतलेले, किंवा दुसऱ्या कशासाठी आपोआप आलेले. ज्याच्यासाठी ते आले तेच निघून गेले, की मागे उरलेले 'आता गरजेचे नाही' या यादीत जाते आणि 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा ते काढून टाकते. आर्च लिनक्सच्या परिभाषेत अशांना चक्क 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, म्हणतात.

येथे कोण वापरतो हा प्रश्नच नाही; कोण अवलंबून आहे, एवढेच पाहिले जाते. पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणारा एखादा प्राध्यापक रोज 'लोहित देवनागरी' या टंकात टिपणे काढत असेल. यंत्राच्या लेखी त्या वापराला किंमत नाही. टंक गेला म्हणून मजकूर जात नाही, दुसरा देवनागरी टंक त्याची जागा घेतो. मात्र महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ज्यांचा आग्रह धरला, ते पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' त्यात असतीलच असे नाही. 'आयबस-एम१७एन' गेले, तर हाताला सवयीची लेखनपद्धतीच थांबते; आणि ती पूर्ववत करून देणारा जाणकार गावात सापडेलच याची खात्री नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, यादी दाखवली होती, होकारही मागितला होता. न वाचणाऱ्याचा दोष. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. २०२१ साली लिनस सेबॅस्टियन या चित्रफीतकाराने 'पॉप ओएस'वर 'स्टीम' बसवताना असाच होकार टंकला आणि सारा डेस्कटॉपच निघून गेला. इशारा पडद्यावर होता. तरीही त्यानंतर एपीटीच्या कर्त्यांनी नुसत्या होकारावर अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची वाट बंद केली. नुसता इशारा पुरत नाही, हे त्यांच्या कृतीतूनच दिसते. मराठी टंक मात्र कोणाच्याही 'अत्यावश्यक' यादीत नाही.

सफाईला आमचा विरोध नाही. जुनी कर्नल साचली की बूटची जागा भरते, ती काढलीच पाहिजेत. पण काय राखायचे हे मालकाने आधी सांगून ठेवावे. 'एपीटी-मार्क मॅन्युअल' ही आज्ञा पॅकेजच्या नावासह दिली, की ते मागून घेतलेले ठरते आणि ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. 'होल्ड' अधिक कडक आहे. तो काढणे रोखतो, पण नवी आवृत्तीही रोखतो, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह. टंक आणि कळफलकासाठी पहिलीच आज्ञा योग्य. फेडोरात 'डीएनएफ'च्या 'प्रोटेक्टेड' निर्देशिकेतील फाइलीत नावे लिहून ठेवता येतात. 'मॅन्युअल'चे संरक्षण पॅकेजांच्या परस्परविरोधापुढे टिकत नाही, म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी 'सिम्युलेट' करून यादी वाचावी.

साहित्याच्या अध्यापकांना हा निकष अनोळखी नाही. ज्या ग्रंथाचा हवाला कोणी देत नाही तो अभ्यासक्रमातून वगळावा, हा युक्तिवाद आपण अभ्यासमंडळांच्या बैठकींत ऐकलेला आहे. तेथे आपण भांडतो. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षातही तेवढेच भांडावे, आणि यंत्रे मांडून देणाऱ्याकडून मराठीची पॅकेजे त्याच दिवशी 'मॅन्युअल' करून घ्यावीत.