वाळुंज म्हणजे घाण नाही



परवा गावच्या ग्रुपवर दोन फोटो आले. एक आधीचा, एक नंतरचा. आधीच्यात ओढा, दोन्ही थडीला झाडी, मधून पाणी दिसतंय न दिसतंय. नंतरच्यात सरळ चर, दोन्ही बाजूला मातीचे ढीग, हिरवं पान औषधाला नाही. खाली लिहिलंय, "ओढ्यातली घाण साफ". पटापटा अंगठे पडले. मी दिला नाही, तर दोघांनी फोन करून विचारलं, तात्या तुमचं काय दुखतंय? काय दुखतंय ते लिहितो. लांबलंय, पण वाचा.

त्या फोटोतल्या घाणीत पाण्यालगत शेरणी होती, वर करंज होते आणि तीन मोठे वाळुंज होते. वाळुंज नावाची गावं आहेत, वाळुंज आडनावाची माणसं आहेत, पण झाड दाखवलं तर पोरं म्हणतात निलगिरीसारखं काहीतरी आहे. निलगिरी बाहेरून आली. वाळुंज इथलाच. पान लांब, निमुळतं, खालच्या अंगाला पांढुरकं. वारं सुटलं की आख्खं झाड चमकतं. साल काळपट, उभ्या खोल भेगांची. ओल सोडून हे झाड सहसा जात नाही. पूर्वी नवख्या माणसालाही सांगायचे, वाळुंज दिसला की पाणी जवळ आहे.

फुलं मोठी नसतात, म्हणून कुणी बघत नाही. बोटभर लांब तुरा लागतो. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराचा तुरा पिवळा, त्याच्यावर मधमाश्या. मादीच्या तुऱ्याला बारीक बोंडं येतात, ती उलली की पांढरा कापूस उडतो आणि त्या कापसात बी. पण हे बी साठवून ठेवता येत नाही, थोड्याच दिवसांत मरतं. तेवढ्यात ओला गाळ मिळाला तर उगवलं, नाहीतर गेलं. यंत्राने थडी खरवडून मुरूम उघडा पाडला की त्या बियाने पडायचं कुठं?

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवायला मी काही धुतल्या तांदळाचा नाही. 2018 च्या उन्हाळ्यात आमच्या बाजूला पोकलेन आलं. ओढा रुंद करायचा, खोल करायचा. मला विचारलं, मी हो म्हणालो. नुसता हो नाही, ऑपरेटरला दोन वेळचा चहा नेऊन दिला. माझ्या बांधाला सहा वाळुंज होते, आज्याच्या वेळचे. सावलीने कडेचा ऊस बारीक राहायचा, म्हणून मला ते नकोच होते. अर्ध्या दिवसात सहाही आडवे. दीड गुंठा जागा मोकळी झाली म्हणून मी खूश. घरी येऊन पोराला म्हटलं, आणखी चार सऱ्या बसतील.

पुढच्या वर्षी 2019 चा ऑगस्ट आला. त्या पुराचं खाली सांगली-कोल्हापूरला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. आमचा ओढा लहान, तो पुढे कृष्णेला मिळतो, त्याची बातमी कोण देणार. तीन रात्री पाणी सरळ चरातून गोळीसारखं आलं. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तर माझ्या बाजूची थडी ढासळलेली, पाच गुंठे मळईची जमीन उभ्या उसासकट गेलेली, मोटारीचं पत्र्याचं खोपटं खाली लोंबकळतंय. दीड गुंठा मिळवायला गेलो, पाच देऊन बसलो.

माझ्या वरच्या अंगाला आक्कांचं रान. त्यांनी त्या उन्हाळ्यात यंत्रापुढं उभं राहून सांगितलेलं, "माझ्या जित्तेपणी ह्या झाडास्नी हात लावायचा न्हाई." आम्ही सगळे हसलो होतो. म्हातारीला काय कळतंय. त्यांच्या थडीला चार वाळुंज तसेच राहिले. पुरात फांद्या पाण्यासंगं आडव्या झाल्या, पाणी ओसरल्यावर परत उठल्या. थडी जागच्या जागी. उलट मुळ्यांत चांगला वीतभर गाळ बसलेला, माझ्याच रानातला नसला म्हणजे मिळवली! (नाही, पाणी वरून खाली येतं हे मला कळतंय. पण मन तसं म्हणतं.)

आता तुमचं म्हणणं घेतो. पहिलं, झाडांनी पाणी अडतं आणि रानात शिरतं. यात थोडं खरं आहे. ऐन पात्रात मधोमध वाढलेल्या झाडाला पुरात पाचट, प्लास्टिक, ओंडका अडकतो, तिथं पाणी तुंबतं. मग मधलं काढा की. मोरीच्या तोंडाचं काढा. थडीच्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटा. केस वाढले म्हणून कुणी मान कापत नाही. थडीजवळच्या पाण्याचा जोर कमी करणं हेच त्या झाडाचं काम. तो जोर मोडला नाही तर तो तुमच्या मातीवर निघतो. आणि माझ्या रानात अडलेलं पाणी वाईट, मग ते धावत खालच्या गावात गेलं की चांगलं कसं?

दुसरं, झाड पाणी पितं. पितं की. पाण्याकाठचं झाड आहे, पिणारच. पण हे कोण म्हणतंय? पाटाने उसाला पाणी सोडून रात्री झोपणारे आपण. वाळुंजाच्या पाण्याचा हिशेब मागायला आपल्याला तोंड आहे का? विहिरीचं पाणी गेलं त्याचंही कारण तिकडं शोधू नका. ओढ्याचा तळ खणत खणत विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली नेला की विहिरीचंच पाणी झिरपत ओढ्याला जाऊन मिळतं. ज्यांच्या विहिरी ओढ्यालगत आहेत त्यांनी खोलीकरणाआधी एवढं तरी तपासावं.

तिसरं, त्याचा उपयोग काय. लाकूड मऊ, जळणाला कमी, आंबा नाही, चिंच नाही. कबूल. पण कांद्याचं बी धरणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. माश्या आल्या नाहीत की गोंडे पोकळ राहतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या माश्यांनी बाकीचे महिने कुठं राहायचं, काय खायचं? ठिपक्यांचं नारिंगी फुलपाखरू, इंग्रजीत त्याला कॉमन लेपर्ड म्हणतात, त्याच्या अळ्याही वाळुंजाची पानं खातात. पिकाला त्यांचा काही त्रास नाही. आणि डोकं दुखलं की जी ॲस्पिरिन घेतो, तिचा शोध याच कुळातल्या विलायती झाडाच्या सालीपासून सुरू झाला. कंपनीत ती 1897 साली तयार झाली. म्हणून साल उकळून प्यायला जाऊ नका, डेंग्यूच्या तापात तर ॲस्पिरिनच्या जातीचं औषध घातक. उगाच माझं नाव व्हायचं.

घाण काढायचीच हौस असेल तर खरी घाण दाखवतो. बंधाऱ्यावर पसरलेली जलपर्णी काढा, ती दक्षिण अमेरिकेतली. गुलाबी फुलांचा बेशरम काढा, तोही तिकडचाच. जनावर त्याला तोंड लावत नाही आणि तुटलेलं कांडं पडेल तिथं फुटतं. गंमत बघा, यंत्र वाळुंज उपटून नेतं आणि त्याच मोकळ्या थडीला दोन वर्षांत बेशरम येतो. मग वृक्षारोपणाच्या दिवशी तिथं गुलमोहर लावून फोटो काढायचा. मादागास्करचं झाड, वाऱ्याने फांदी मोडणारं, ते पुरात थडी धरणार?

येत्या ग्रामसभेला उरलेल्या चारशे मीटरचा ठराव येतोय. त्यात आक्कांचे चार आणि पलीकडच्या थडीचे सात वाळुंज आहेत. गाळ काढायला माझा विरोध नाही, तो रानात टाकायला मीच पहिला ट्रॉली घेऊन येतो. पण ठरावात लिहून घ्या की थडीच्या झाडाला हात लावायचा नाही आणि तळ मूळ गाळापेक्षा खाली न्यायचा नाही. लिहून घ्या, तोंडी नको. मला तोंडीच सांगितलं होतं, "मोठी झाडं ठेवतो."

ज्यांची थडी आधीच उघडी पडलीय त्यांच्यासाठी. वाळुंज फांदीपासून लागतो, रोपवाटिका लागत नाही. मनगटाएवढी जाड, चार-पाच फूट लांब फांदी, खालचं टोक तिरकं तासून निम्मी ओल्या थडीत ठोकायची. बुडखा खाली, शेंडा वर, एवढं तरी बघा. पौष-माघात ठोकली की पुराआधी मुळं धरायला चार-पाच महिने मिळतात. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपायची. एकाच झाडाच्या फांद्या लावू नका, सगळे नर निघाले तर बी कुठून येणार? मी गेल्या चार वर्षांत एकवीस ठोकल्या, तेरा जगल्यात. पाच गुंठे काही परत आले नाहीत, पण थडी ढासळायची थांबलीय.

आक्कांनी फांद्या द्यायचं कबूल केलंय. फुलोऱ्यात असतानाच नर-मादीला वेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधून ठेवतो. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी या. कोयता आपापला आणा.