विश्लेषण : जुन्या पिकअपला मोठे इंजिन, घाट चढेल, पण उतरेल का?

भोर, वेल्हे भागातल्या कुठल्याही गॅरेजवर तासभर उभे राहिले, की एक विषय हमखास निघतो. ‘गाडी चांगली आहे, पण घाटात दम टाकते. मोठं इंजिन बसवलं तर?’ फिटरही लगेच ‘होत नाही’ म्हणत नाही. भंगारात निघालेल्या मोठ्या गाडीचे इंजिन मिळते, माउंटिंग वेल्डिंग करून जुळवता येते, गाडी चालू होते आणि चढावर पळतेही. मग अडचण कुठे आहे? अडचण चढावर नाही, उतारावर आहे आणि त्यानंतर कागदावर आहे.

इंजिन बदलावेसे का वाटते?

या दोन तालुक्यांत छोटी मालगाडी म्हणजे घरातला कमावता माणूसच. दूध, इंद्रायणी आणि आंबेमोहोर तांदूळ, भाजीपाला, खताच्या गोण्या, सिमेंट, लग्नाचे मंडप, सगळे तिच्यावरच चालते. रस्ते मात्र सपाट नाहीत. वेल्ह्याहून पाबे घाट, भोरहून महाडकडे जाताना वरंधा घाट, पुण्याला निघाले की कात्रजचा चढ.

२००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, बाजारात आला तेव्हा त्याचे डिझेल इंजिन होते ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि जेमतेम १६ अश्वशक्तीचे. गल्लीबोळातल्या आणि थोड्या अंतराच्या वाहतुकीसाठी ते पुरेसे होते. घाटाघाटांतून रोज दोन खेपा मारण्यासाठी मात्र ते तोकडे पडते. नवी मोठी पिकअप घ्यायची तर पुन्हा कर्ज, पुन्हा हप्ते. त्यापेक्षा जुन्याच गाडीत मोठे इंजिन घालणे स्वस्त वाटले, तर त्यात मालकाचा दोष नाही.

हिशेब काय सांगतो?

थोडे गणित करून पाहू. अशा छोट्या गाडीचे मालासह एकूण वजन साधारण १,५५० किलो धरले आहे. १०० मीटर अंतरात ८ मीटर चढणाऱ्या घाटात ती ताशी २० किलोमीटरने न्यायची, तर चाकांवर सुमारे ११ अश्वशक्ती लागते. १६ अश्वशक्तीचे इंजिन गिअरबॉक्समधली घट वजा जाता ते कसेबसे भागवते.

आता तीच गाडी भरून २,५०० किलोची केली, तर त्याच वेगाला साडेसतरा अश्वशक्ती लागते. इंजिनात तेवढी ताकद मुळातच नाही. म्हणजे गाडी ‘दम टाकते’ त्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनाच्या जुनेपणापेक्षा हौद्यातल्या जादा मालात असते.

मोठ्या इंजिनाने हा प्रश्न चढावर सुटतो. पण वर गेलेली गाडी खालीही यावी लागते. ५०० मीटर उंचीवरून उतरताना १,५५० किलोच्या गाडीची जेवढी ऊर्जा ब्रेक आणि इंजिनाला मिळून जिरवावी लागते, त्याच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा २,५०० किलोच्या गाडीची असते. इंजिन बदलले तरी ब्रेकचे ड्रम, लायनर आणि १२ इंची चाके तीच राहतात. पूर्वी गाडी चढतच नव्हती म्हणून मालक हात राखून भरायचा. मोठे इंजिन आले, की तो अटकावही जातो. खरा धोका हा आहे.

उतार किती महागात पडतो, हे पुण्याला जाणाऱ्या भोर-वेल्हेकरांना सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना किती अपघात झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी याच उतारावर एका अवजड वाहनाने ४० हून अधिक गाड्यांना धडक दिली होती.

बसवताना काय काय बदलावे लागते?

इंजिन ही सुटी वस्तू नाही. दोन सिलिंडरच्या जागी चार सिलिंडरचे इंजिन आले, की त्याचा पीळ दुप्पट-तिप्पट होतो. तो पीळ क्लच प्लेट, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि क्राउन-पिनियन यांच्यातून चाकाकडे जातो. यातला प्रत्येक भाग जुन्या इंजिनाच्या मापाचा असतो. पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढावर उचलताना यांपैकी कुठला तरी तुटणार, आणि तो घाटाच्या मध्यावर तुटणार.

शिवाय वजन पुढे वाढते, म्हणजे पुढचे पाटे आणि स्टिअरिंगवर ताण येतो. रेडिएटर लहान पडतो. छोट्या हत्तीत इंजिन सीटखाली असते, त्यामुळे उष्णता आणि डिझेलची नळी ड्रायव्हरच्या अगदी जवळ येते. हे सगळे नीट बदलायचे म्हटले, तर खर्च सेकंडहँड मोठ्या पिकअपच्या आसपास जातो. मग स्वस्त काय राहिले?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिनाचा क्रमांक, सिलिंडर, सीसी हे सगळे त्या तपशिलात येते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावले.

सवलत दोन ठिकाणी आहे. पहिली, वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवणे. त्यात सीएनजी आणि बॅटरीही येते. दुसरी, किमान दहा व्यावसायिक वाहने असलेल्या मालकाला राज्य सरकार अधिसूचनेने त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलू देऊ शकते. त्यानंतर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. एकच गाडी असलेल्याने तशाच प्रकारचे इंजिन टाकायचे, तरी आधी आरटीओची परवानगी घ्यायला हवी. मोठ्या इंजिनाला यांपैकी कुठलीच वाट नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून जड प्रश्न विम्याचा. आठ वर्षांनंतर मालगाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. तिथे इंजिन क्रमांक जुळला नाही तर गाडी अडते. आणि अपघातानंतर तो जुळला नाही, तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळते. भरपाईचा बोजा जमिनीच्या तुकड्यावर येऊ शकतो. त्यात भंगारातले इंजिन बिलाशिवाय घेतलेले असेल आणि ते चोरीच्या गाडीचे निघाले, तर पोलिसांचीही पायरी चढावी लागते.

बाहेर काय पद्धत आहे?

अमेरिकेत छोट्या पिकअपमध्ये आठ सिलिंडरचे इंजिन बसवणे हा मोठा छंद आहे. ब्रिटनमध्ये मोठे फेरफार केलेल्या गाडीची जुनी ओळख टिकवण्यासाठी बरीच वर्षे गुणांची पद्धत होती: चासीला पाच गुण, इंजिनाला फक्त एक, एकूण आठ गुण मूळ भागांतून जमावे लागत. जर्मनीत तज्ज्ञाने तपासून कागदावर नोंद केली, की बदल वैध ठरतो. धागा एकच आहे. बदल झाला तर ब्रेकसह तपासा, नोंदवा, मग रस्त्यावर सोडा.

मग करावे काय?

आपल्याकडे ‘नाहीच’ म्हटल्याने बदल थांबत नाहीत, ते फक्त लपून होतात. लपून झालेल्या कामाचे ब्रेक कोणी तपासत नाही. वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. सीएनजी किटला जशी मान्यता मिळते, तशी ठरावीक गाडीला ठरावीक इंजिन, सोबत मोठे ब्रेक आणि क्लच अशा संपूर्ण किटला मान्यता देण्याचा विचार व्हायला हवा. डोंगरी तालुक्यांना त्याचा खरा उपयोग होईल. इंधन बदलायला मुभा आणि ताकद बदलायला बंदी, हे घाटात राहणाऱ्याच्या कामाचे नाही. सीएनजीने खर्च वाचतो, चढ सोपा होत नाही.

तोवर मालकाने तीन गोष्टी कराव्यात. आहे तेच इंजिन नीट बांधून घ्यावे. झिजलेले रिंग-पिस्टन आणि थकलेला पंप बदलला, तरी गेलेली बरीच ताकद परत येते. माल आरसीवरच्या वजनाइतकाच भरावा, गरज पडली तर दोन घरांनी मिळून मोठी पिकअप भाड्याने घ्यावी. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल करून वाचवलेले डिझेल फार महाग पडते.

घाटात गाडी हळू चढली, तर दुधाला अर्धा तास उशीर होतो. ती उतारावर थांबली नाही, तर घरातला कमावता माणूस परत येत नाही. इंजिनाचा सौदा ठरवण्याआधी हा हिशेब एकदा घरच्यांसमोर मांडून पाहावा.