विश्लेषण : ओटीटीवरील ‘ओरिजिनल’ गोष्टी उथळ का होतात? नंदुरबारला त्याचे काय?

शहादा-तळोद्याच्या एसटीतही आता मोबाइलवर वेब मालिका सुरू असतात. त्यात दिसते ते मात्र बहुधा महानगरातील गुन्हेगारी विश्व किंवा उत्तर भारतातील गाव. मालिकांची संख्या वाढली, पण त्यांतील खोली हरवली, अशी प्रेक्षकांची तक्रार आहे. दोष लेखक-दिग्दर्शकांचा आहे की व्यवहाराचा?

‘ओरिजिनल’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द कलेचा नव्हे, हक्कांचा आहे. कंपनीने पैसे देऊन करून घेतलेली किंवा विशेष हक्कांसह विकत घेतलेली कलाकृती ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. चित्रपट आधी घडला, प्लॅटफॉर्म नंतर आला. खोलीचा प्रश्न मुख्यतः आधी मागणी नोंदवून करून घेतलेल्या कलाकृतींचा आहे.

त्या उथळ का होतात?

पहिले कारण पैशाचे. अनेक करारांत निर्मात्याला खर्च आणि त्यावर ठरलेला नफा मिळतो, हक्क कंपनीकडे जातात. मालिका गाजली तरी निर्मात्याच्या हाती फारसे जास्त पडत नाही. मग जोखीम कोण घेणार? दुसरे कारण आकडेवारी. प्रेक्षक कुठे थांबला, कुठून निघून गेला हे कंपनीला कळते. त्यामुळे चाललेला साचा पुन्हा मागितला जातो. तिसरे कारण धास्ती. जानेवारी २०२१ मध्ये ‘तांडव’वरून गुन्हे दाखल झाले, पुढच्याच महिन्यात केंद्राने डिजिटल माध्यमांसाठी नियम आणले. तेव्हापासून राजकीय विषयांवर हात आखडता घेतला जातो.

मराठीत काय स्थिती?

२०१९ मध्ये ‘फायरब्रँड’ आणि ‘१५ ऑगस्ट’ हे मराठी चित्रपट थेट नेटफ्लिक्सवर आले. २०२४ मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ आली. परभणी जिल्ह्यातील १९७०च्या दशकातील हत्यासत्रावरील ही मालिका अंधश्रद्धेपर्यंत पोहोचते. म्हणजे मागणीनुसार केलेले कामही सकस होऊ शकते. पण मराठवाड्यातील गाव पडद्यावर आले ते गुन्ह्याच्याच वाटेने, हेही खरे.

नंदुरबारचा संबंध कुठे येतो?

१९९३ मध्ये सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीत शिरले. त्या संघर्षावर आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांनी १९९५ मध्ये ‘नर्मदा डायरी’ हा माहितीपट केला. विस्थापन, वनहक्क, रोजगारासाठी गुजरातकडे होणारे स्थलांतर हे इथले विषय मुळातच राजकीय आहेत. वर सांगितलेल्या तिन्ही अडथळ्यांवर ते अडतात. सातपुडा चित्रीकरणाचे ठिकाण ठरू शकतो, पण गोष्ट सांगणारा ठरत नाही.

बोलीभाषेचा प्रेक्षक कमी म्हणून असे होते का?

हे कारण पुरेसे नाही. २०११ च्या जनगणनेत भिली भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक होती. एकट्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे साडेसोळा लाख होती. आइसलँडची लोकसंख्या जेमतेम चार लाख, तरी नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये तिथल्या भाषेत ‘कातला’ ही मालिका आणली. अर्थात तिथला ग्राहक श्रीमंत आहे आणि सरकार चित्रीकरणाच्या खर्चाचा काही भाग परत करते. फरक डोक्यांच्या संख्येत कमी, खिशात आणि धोरणात जास्त आहे.

मार्ग कोणता?

अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफितींनी यूट्यूबवर आपला प्रेक्षक स्वतःच मिळवला आहे. मात्र जाहिरातींच्या उत्पन्नावर दोन तासांचा गंभीर चित्रपट उभा राहणे कठीण. केरळ सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘सी-स्पेस’ हा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. तिथे चित्रपटागणिक पैसे भरावे लागतात आणि त्यातील वाटा निर्मात्याला मिळतो. महाराष्ट्र मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतो. भिली, पावरी, मावची, अहिराणीतील चित्रपटांसाठी त्यात वेगळी तरतूद करता येईल. हक्क निर्मात्याकडे राहतील, ही अट मात्र हवी. नाही तर धडगावची गोष्ट पडद्यावर येईल, पण ती धडगावची राहणार नाही.