धुराची फवारणी आणि सुशिक्षितांचीं दारें

पावसाळा निम्मा सरला कीं आपल्या शहरांतून एक ठराविक देखावा पाहावयास मिळतो. एखाद्या वस्तींत डेंग्यूनें दोन माणसें दगावतात, वृत्तपत्रांत ओरड होते, लोकप्रतिनिधि महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांस जाब विचारतात, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं खांद्यावर यंत्र अडकविलेला एक इसम पांढऱ्या धुराचे लोट सोडीत गल्लींतून निघून जातो. घरोघरच्या खिडक्या धडाधड लागतात, दहा मिनिटांत धूर विरतो, आणि ‘कांहींतरी झालें’ या समाधानांत सर्वजण आपापल्या कामास लागतात. या समाधानाविरुद्धच आम्हांस येथें चार शब्द लिहावयाचे आहेत. हा धूर म्हणजे बव्हंशीं एक शांतिपाठ आहे. त्यानें मनाची शांति होते, डांसांची होत नाहीं. आणि या पोकळ उपायाचा आग्रह धरण्यांत अशिक्षितांपेक्षां आपणां सुशिक्षितांचाच हात मोठा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्या डांसामुळें डेंग्यू पसरतो त्याची राहणी प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. एडिस इजिप्ती या नांवानें ओळखला जाणारा हा डांस काळसर असून त्याच्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. गटारांतील घाण पाणी त्याला फारसें मानवत नाहीं. माणसानें सांठविलेलें स्वच्छ, स्थिर पाणी त्याला हवें असतें. पिंप, हौद, गच्चीवरील टाकी, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागील तबकडी, शोभेसाठीं बाटलींत लावलेला मनी प्लांट, अंगणांतील करवंटी, जुना टायर, ताडपत्रीच्या घडींत सांचलेलें ओंजळभर पाणी, हीं त्याचीं सूतिकागृहें. चावते ती केवळ मादी. तीहि दिवसां, विशेषतः सकाळीं व मावळतीपूर्वीं. रक्त पिऊन झालें कीं ती पलंगाखालीं, पडद्यामागें, कपाटाच्या सांदींत विसांवा घेते. जन्मस्थानापासून ती सहसा शंभर-दोनशें मीटरांपलीकडे जात नाहीं. तेव्हां ज्याच्या घरीं डेंग्यू आला त्यानें आपला शत्रु दूरच्या झोंपडपट्टींत शोधण्याचें कारण नाहीं. तो बहुधा त्याच्याच घरांत, शेजारच्या गच्चीवर किंवा कचेरींतल्या कुंडींत जन्मलेला असतो.

आतां या डांसावर धुराचा परिणाम किती होणार? धुरांतील विषारी थेंब उडत्या डांसाच्या अंगास लागले तरच तो मरतो. यंत्र फिरतें रस्त्यावर आणि डांस बसलेला असतो घरांत. त्यांतून धूर दिसतांच दारें-खिडक्या लावून घेण्याचा आपला परिपाठ! ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ या म्हणीचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. शिवाय मरतो तो पंख फुटलेला डांसच. पाण्यांतील अळ्या व कोष यांना धूर शिवतहि नाहीं, आणि दोनचार दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. अंड्यांची तर गोष्टच निराळी. मादी तीं भांड्याच्या आंतल्या बाजूस, पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर चिकटविते. पाणी आटलें तरी तीं कित्येक महिने कोरडीं टिकतात आणि पुन्हां पाणी लागतांच फुटतात. म्हणून भांडें नुसतें उपडें करून भागत नाहीं, तें घासावें लागतें. एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. सांथ भडकली असतां रुग्णाच्या व लगतच्या घरांच्या आंत कीटकनाशकाची बारीक फवारणी करण्यास स्थान आहे. विषाणु घेऊन फिरणाऱ्या माद्या मारण्याचा तो तांतडीचा मार्ग होय. परंतु तांतडीच्या उपायालाच वर्षभराचें धोरण मानणें म्हणजे बंबाच्या भरंवशावर गवताच्या गंजीशेजारीं चूल मांडण्यासारखें आहे.

हें ज्ञान नवें आहे असेंहि नाहीं. क्युबांतील डॉ. कार्लोस फिनले यांनीं १८८१ सालीं पीतज्वर याच डांसामुळें पसरतो असें प्रतिपादन केलें, आणि जवळजवळ वीस वर्षें त्यांची उपेक्षा झाली. दरम्यान १८९७ सालीं आपल्याच देशांत, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस यांना डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु सांपडला. १९०० सालीं वॉल्टर रीड यांच्या मंडळानें फिनले यांचें म्हणणें सिद्ध केलें. आणि १९०१ सालीं विल्यम गोर्गस यांनीं हवाना शहरांत घरोघर तपासनीस पाठवून, पिंपें झांकवून, सांचलेलें पाणी ओतवून आणि हयगय करणाऱ्यांस दंड करून तेथील पीतज्वराचा उच्छेद केला. त्या वेळीं डी.डी.टी. नव्हतें कीं धुराचें यंत्र नव्हतें. तपासणारे डोळे आणि कर्तव्यास न चुकणारे हात, हीच मुख्य सामग्री होती.

मुंबईची गोष्ट तर अधिक जवळची आहे. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून असा निष्कर्ष काढला कीं, तो रोग पसरविणारे डांस मुख्यत्वें इमारतींच्या विहिरींत पैदा होतात. ते डांस निराळ्या जातीचे; परंतु त्यांनाहि पाणी स्वच्छच लागतें. विहिरी बुजविण्याचा वा झांकण्याचा प्रश्न निघतांच धर्मकृत्यांस विहिरीचें पाणी लागतें या कारणास्तव विरोध उभा राहिला. विहिरींचे मालक अर्थातच घरमालक होते, झोंपडींत राहणारे नव्हते. आज धर्माचें कारण मागें पडलें आहे आणि त्याच्या जागीं खासगीपणाचें कारण आलें आहे. दार मात्र तेव्हांप्रमाणेंच बंद आहे.

या बंद दाराविषयींच आम्हांस अधिक बोलावयाचें आहे. महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कर्मचारी, किंवा आरोग्यखात्याची एखादी सेविका, हातांत विजेरी घेऊन दार वाजविते, तेव्हां चाळींतलें दार बहुधा उघडतें आणि मोठ्या संकुलांत पहारेकरीच तिला अडवितो. ‘आमच्याकडे सर्व स्वच्छ आहे’ हें उत्तर तर ठरलेलें. अहो, स्वच्छ आहे म्हणूनच तर तपासावयाचें! ज्या पुण्यांत १९५२ सालीं विषाणु-संशोधनाचें केंद्र निघालें आणि राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें सर्व देशांत मान्यता पावलें, त्याच पुण्यांत डेंग्यूचें खापर शेजारच्या नाल्यावर फोडणारे पदवीधर पैशाला पासरी मिळतात. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. घर हें खासगी स्थान आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु घरच्या टाकींतून उडालेला डांस खासगी राहत नाहीं. तो शेजारच्या तान्ह्या मुलाला चावतो. ज्या क्षणीं आपल्या पाण्यांतून दुसऱ्याच्या घरांत रोग जाऊं लागतो, त्या क्षणीं तें पाणी सार्वजनिक होतें. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमांत डांसांची पैदास होऊं देणाऱ्यास नोटीस देण्याची तरतूद आहे, ती याच तत्त्वावर.

‘रोगी वाढले कीं महापालिका जागी होईलच, तोंवर घरोघर अळ्या मोजीत बसण्याचें प्रयोजन काय?’ असा दुसरा आक्षेप येतो. त्याचें उत्तर साध्या बेरजेनें देतां येतें. अंड्यापासून डांस होण्यास आठ ते दहा दिवस. रुग्णाला चावल्यावर डांसाच्या अंगांत विषाणु वाढून तो दुसऱ्यास देण्याजोगा होण्यास सुमारें आठ ते बारा दिवस. चावल्यानंतर माणसास ताप येण्यास चार ते दहा दिवस. आणि ताप अंगावर काढून वैद्याकडे जाण्यास व रक्त तपासून घेण्यास आणखी तीनचार दिवस. म्हणजे आज रुग्णालयांत मोजलेला रोगी हा तीन ते पांच आठवड्यांपूर्वींच्या पाण्याचा हिशेब आहे. रोगी मोजून डांसांमागें धांवणें म्हणजे वरातीमागून घोडें. उलट, शंभर घरें तपासलीं असतां किती घरांत अळ्या निघाल्या, आणि शंभर घरांमागें अळ्या असलेलीं भांडीं किती सांपडलीं, हे दोन आंकडे दर आठवड्यास हातीं असतील तर पुढील महिन्याचें संकट आजच दिसतें. पहिल्यास घर-निर्देशांक व दुसऱ्यास ब्रेटो-निर्देशांक म्हणतात. नांवें परकीं आहेत. काम शाळेंतल्या मुलासहि समजेल इतकें सोपें आहे.

याचा पडताळा सिंगापुरानें दिला आहे. त्या देशानें १९६८ सालीं कायदा केला, घरोघर तपासणी व दंड यांची व्यवस्था बसविली, आणि अळ्या सांपडणाऱ्या घरांचें प्रमाण शेंकडा दोनाच्या आसपास आणलें. सुमारें पंधरा वर्षें तेथें डेंग्यू दबून राहिला. पुढें १९९० नंतर तो पुन्हां उसळला, आणि २०२० सालीं तर तेथें पस्तीस हजारांहून अधिक रुग्ण झाले. ‘मग त्यांच्या तपासणीचा उपयोग काय झाला?’ असें विचारणारांनीं तेथील तज्ज्ञांनीं दिलेलीं कारणें पाहावीं. रोग दबल्यामुळें लोकांच्या अंगची प्रतिकारशक्ति कमी झाली. घराबाहेर, कामाच्या व शिक्षणाच्या ठिकाणीं, डांस चावूं लागले. आणि मोजणीचा भर डांसांवरून रोग्यांवर गेला. या तिन्हींपैकीं एकहि कारण तपासणी सोडून द्या असें सांगत नाहीं. ती घराबाहेरहि न्या, आणि यश आलें म्हणून सैल सोडूं नका, एवढेंच तीं सांगतात. ब्राझील देश १९५८ सालीं या डांसापासून मुक्त म्हणून जाहीर झाला होता. पहारा ढिला पडतांच डांस परतला. ज्या क्युबांत गोर्गस यांनीं पीतज्वर जिंकला, त्याच बेटावर १९८१ सालीं डेंग्यूचे ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले व १५८ माणसें मेलीं. त्यांत १०१ मुलें होतीं. आपल्या दिल्लींत १९९६ सालीं १०,२५२ रुग्ण व ४२३ मृत्यु नोंदले गेले. या विषाणूचे चार प्रकार असून एका प्रकाराचा आजार होऊन गेलेल्यास दुसऱ्या प्रकारानें गांठलें असतां धोका वाढतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ‘मागच्या वर्षीं होऊन गेला, आतां भय नाहीं’ या समजुतीचा फोलपणा वेगळा सांगावयास नको.

कांहीं सुज्ञ गृहस्थ शास्त्राच्या नव्या शोधांकडे बोट दाखवितात. ते शोध आम्हांस प्रियच आहेत. इंडोनेशियांतील योग्यकर्ता शहरांत वोल्बॅकिया नांवाचा जीवाणु अंगीं असलेले डांस सोडून डेंग्यूचें प्रमाण शेंकडा सत्त्याहत्तरांनीं घटल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. लसीहि कांहीं देशांत वापरांत आल्या आहेत. परंतु डेंग्यूची लस चिकुनगुन्या व झिका यांना थांबवीत नाहीं, आणि तेहि याच डांसाच्या पाठीवर बसून येतात. शिवाय उद्यांच्या शोधाची वाट पाहत आजचें पिंप उघडें ठेवणें, याला विज्ञाननिष्ठा म्हणत नाहींत, आळस म्हणतात.

आमचा रोख केवळ गृहस्थांवर आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. ज्या वस्तींत नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येतें तेथील बाईनें पिंप भरून ठेवूं नये तर काय करावें? तिला दंड करण्याचा अधिकार पाणी न देणाऱ्या नगरपालिकेस नैतिक दृष्ट्या नाहीं. तिला आधीं नियमित पाणी द्यावें, तें जमेपर्यंत पिंपास घट्ट झांकण व हौदांत सोडण्यास गप्पी मासे पुरवावे. दंड करावयाचाच तर ज्यांच्या तळघरांत व उद्वाहकाच्या खड्ड्यांत महिनोंमहिने पाणी सांचतें त्या बांधकामांस करावा. आणि सरकारी कचेऱ्या, पोलीस ठाण्यांच्या आवारांतील जप्त गाड्या व खुद्द पालिकेच्या वखारी यांना त्यांतून वगळूं नये. अळ्यांना अधिकाराची पाटी वाचतां येत नाहीं.

तेव्हां आमची मागणी थोडक्यांत अशी आहे. तपासणीचे कर्मचारी पावसाळ्यापुरते रोजंदारीवर न घेतां बारमाही व शिकविलेले असावेत. प्रत्येक प्रभागाचा घर-निर्देशांक दर आठवड्यास प्रसिद्ध व्हावा, म्हणजे लोकप्रतिनिधीस जाब विचारतांना ‘धूर कां सोडला नाहीं’ असें न विचारतां ‘तुमच्या प्रभागांत शेंकडा किती घरांत अळ्या निघाल्या’ असें विचारतां येईल. आणि ज्यांना वाचतां येतें, ज्यांच्या दारावर पाटी आहे व गच्चीवर टाकी आहे, त्या आपणां सर्वांनीं आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळावा: त्या दिवशीं भांडीं रिकामीं करून घासावीं, टाकीचें झांकण पाहावें, बश्या उलथ्या कराव्या. डांसाच्या वाढीला आठ दिवस लागतात. आपण सातव्या दिवशीं पाणी ओतलें तर त्याचा वंश तेथेंच खुंटतो. अर्ध्या तासाचें हें काम आहे. सुशिक्षितपणाचा याहून स्वस्त पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तो न देणाऱ्यानें पालिकेच्या नांवानें खडे फोडण्याचा आपला हक्क गमावला आहे असें आम्ही समजतों.