सामग्री विनामूल्य, प्रयोग मात्र आपला

शिक्षण जितके महाग तितके ते चांगले, ही समजूत मध्यमवर्गीय घरांत खोलवर रुजली आहे. तिला छेद देत काही कुटुंबे आज मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकवीत आहेत. या पालकांपुढे सर्वांत बिकट प्रश्न उभा राहतो तो विज्ञानाचा. भाषा आणि इतिहास पुस्तकांवरून शिकविता येतील. पण प्रयोगशाळा घरात कोठून आणावयाची?

सामग्रीपुरते पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर आता सोपे झाले आहे. ‘बालभारती’ची मराठी पाठ्यपुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक आभासी प्रयोग मराठीतही आहेत. पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे कार्य केलेले अरविंद गुप्ता (पद्मश्री, २०१८) यांनी टाकाऊ वस्तूंपासून करावयाची शेकडो वैज्ञानिक खेळणी आणि असंख्य पुस्तके, त्यांत मराठीही, सर्वांसाठी खुली केली आहेत. यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

मग अडते कोठे? गुप्ता यांची साधी विद्युत मोटर पाहा. एक सेल, एक चुंबक, तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि दोन सेफ्टी पिना, एवढेच साहित्य. चित्रफितीत वेटोळे गरगर फिरते. घरी केले की बहुधा अडून बसते. कारण तारेच्या टोकांवरील आवरण तीनच बाजूंनी खरवडावयाचे असते. ते पूर्ण निघाले तर अर्ध्या फेरीनंतर चुंबकीय बल उलट दिशेने लागते आणि वेटोळे डोलत राहते. चित्रफीत पाहणाऱ्याला हे वाक्य ऐकू येते. हाताने करणाऱ्याला ते समजते. विज्ञानाचे शिक्षण होते ते या अडण्याच्या क्षणी. त्या वेळी शेजारी बसून ‘असे का झाले?’ विचारणारे वडीलधारे माणूस हवे. ते कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

अनेक प्रयोगांना तर यंत्रही लागत नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेच्या अखेरीस, २६ तारखेच्या सुमारास, सूर्य दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास बरोबर डोक्यावर येतो. महालातील कोणत्याही गच्चीवर उभ्या काठीची सावली तेव्हा नाहीशी होते. महिनाभर रोज ती सावली मोजणारे मूल पृथ्वीचा कललेला आस पाठ करीत नाही, स्वतः शोधून काढते. महालापासून जवळच, गांधीसागराच्या काठी, १९९२ पासून रामन विज्ञान केंद्र आहे. ज्यांचे नाव त्याला दिले, ते चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते, काही काळ नागपुरातही. आणि कोलकात्यात त्यांनी कित्येक वर्षे कचेरीची वेळ सांभाळून संशोधन केले. जिज्ञासेला चार भिंतींची अट नसते, हेच यातून दिसते.

मात्र घरी शिकणाऱ्या मुलाला एक मोठा धोका आहे, तो एकटेपणाचा. आपले निरीक्षण दुसऱ्याने तपासणे हा विज्ञानाचा प्राण आहे. सवंगड्यांशिवाय तो हरवतो. शिवाय मुक्त विद्यालयातून दहावीला बसताना विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागते.

म्हणून हे काम एकेका घरावर सोडून भागणार नाही. आपल्या वस्त्यांत निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत, अभियंते आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत, एखाद्या गच्चीवर पाच-दहा मुले जमवावीत. शाळेत जाणारी मुलेही आवर्जून बोलवावीत. फळ्यावरचा प्रयोग पाहून कंटाळलेली तीही आहेतच. शाळांनी सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेचे दार उघडले, तर सोन्याहून पिवळे. ज्यांना इंग्रजी उत्तम येते, त्यांनी एकेक चित्रफीत मराठीत आणावी. जगाने ज्ञान मोकळ्या हाताने दिले आहे. आपण निदान आपला वेळ तरी द्यावा.