सागाची फळी आणि अनर्थदंड



निवृत्त झाल्यावर घरीच सुतारकाम करणारे गृहस्थ आपल्या हडपसरच्या सोसायट्यांमध्येही आहेत. त्यांची नजर हल्ली स्लायडिंग कंपाउंड माइटर सॉवर असते. म्हणजे टेबलावर ठेवायची विजेची गोल करवत. ती हव्या त्या कोनात वळते, कलते आणि नळ्यांवरून पुढे-मागे सरकते, त्यामुळे रुंद फळीही एका दमात कापते.

‘जैनाच्या घरात असलं यंत्र कशाला?’ हा प्रश्न रास्तच आहे. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आचार्य समंतभद्रांनी हिंसादान सांगताना तलवारीच्या जोडीला कुऱ्हाड-कुदळही धरली आहे. पण अनर्थदंड म्हणजे विनाप्रयोजन पाप. देव्हाऱ्यासाठी आणलेली सागाची फळी वाकडी कापून फेकून दिली, तर त्या झाडाचा जीव कशासाठी गेला? मला तर खरा अनर्थ तिथेच दिसतो.

म्हणून एका कपाटापुरतं मशीन घेऊच नये, सुताराला मजुरी द्यावी. वर्षानुवर्षं काम होणार असेल, तर मात्र अचूक आणि टिकाऊच घ्यावं. समजा वीस हजारांचं मशीन तीन वर्षांत खिळखिळं झालं आणि चाळीस हजारांचं बारा वर्षं चाललं, तर स्वस्त कुठलं पडलं? हा हिशेब करायला सीए लागत नाही.

दुकानदार वॅट सांगत बसतो. आपण करवतीचा हात पूर्ण पुढे ओढून डावी-उजवीकडे हलवून बघायचा. तिथे हलका खेळ जाणवला, तरी दुसरं मशीन दाखवायला सांगायचं. मग एक रुंद, सरळ कडेची फळी 90 अंशांत कापून घ्यायची, एक तुकडा पालथा करायचा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा जुळवायच्या. जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट असते. 200 मिलिमीटर रुंद फळीत अर्ध्या अंशाची चूक म्हणजे साडेतीन मिलिमीटरची फट! चौकटीला तर आठ काप लागतात. अर्धा अंश आठ वेळा चुकला की चार अंश होतात, आणि शेवटचा कोपरा जुळतच नाही.

पातं 60 ते 80 दात्यांचं घ्यावं, सनमायकाच्या कडा कमी उडतात.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणलं की आधी उजेडात बघावं. बारीक भोकं आणि खाली ताजी भुकटी असेल तर आत कीड आहे, त्या फळीला करवत लावू नये. चातुर्मासात तर हे काम मागेच ठेवावं.

आणि अमेरिकेतला मुलगा तिथून मशीन आणतो म्हणाला, तर त्याला नको म्हणा. ते 120 व्होल्टचं असतं, आपल्याकडे 230. सरळ प्लगला लावलं तर मोटार जळेल.